जहाज किती हलेल, हे बरंचसं नागपुरातच ठरतं

मे महिन्यातल्या एखाद्या संध्याकाळी नागपुरात वादळ सुटतं. धुळीचे लोट उठतात, होर्डिंग फाटतात, सिव्हिल लाइन्समधली जुनी झाडं आडवी होतात. वाऱ्याचा वेग ताशी ६० किलोमीटरच्या वर गेलेला असतो. त्या वेळी फुटाळा तलावाच्या पाण्याकडे बघा. लाटा वीतभर उंच असतात, फार तर हातभर. हाच वारा भर अरबी समुद्रावर दीड-दोन दिवस सलग वाहिला, तर लाट पाच-साडेपाच मीटरची होते. म्हणजे जवळजवळ दोन मजली घराएवढी.

वारा तोच असला तरी लाट किती वाढेल हे तीन गोष्टींवर ठरतं: वाऱ्याचा जोर, तो किती वेळ वाहिला, आणि त्याला पाण्यावर अडथळ्याशिवाय किती पल्ला मिळाला. फुटाळ्याला हा पल्ला काही शे मीटरचा, अरबी समुद्रात शेकडो किलोमीटरचा. क्रूझला निघणाऱ्या नागपूरकराने ही गोष्ट आधी मनात पक्की करावी, कारण तलावावरच्या बोटिंगचा अनुभव इथे काहीच कामाचा नाही. चिखलदऱ्याच्या घाटाचा मात्र थोडा आहे. परतवाड्यापासून वर चढताना ज्याला गाडी लागते, त्याला बोटही लागण्याची शक्यता बरीच असते. पण प्रवासाचा महिना आणि केबिन आपण नागपुरात बसूनच निवडतो, आणि जहाज आपल्याला किती हलवेल ते बरंचसं त्यावरच ठरतं.

लाटेची उंची हा अर्धाच भाग

हवामानाच्या पत्रकात 'लाटांची उंची ३ मीटर' असं असतं, तेव्हा प्रत्येक लाट तीन मीटरची असते असं नाही. त्या वेळच्या सगळ्या लाटांपैकी सर्वांत उंच एक तृतीयांश लाटा घेऊन त्यांची काढलेली ती सरासरी असते. त्यामुळे अंदाज ३ मीटरचा असताना मधूनच जवळपास सहा मीटरची एखादी लाट येऊ शकते. तशी लाट दिसली म्हणून अंदाज चुकला असं समजू नये. आणखी एक हिशेब ध्यानात ठेवा: लाटेतली ऊर्जा उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दोन मीटरची लाट चार मीटरची झाली, तर धक्का दुप्पट नव्हे, चौपट होतो.

दुसरा अर्धा भाग म्हणजे एक लाट गेल्यावर पुढची किती सेकंदांनी येते. लोक याकडे बघतच नाहीत, आणि जहाजाचं वागणं तर यावरच ठरतं. खोल समुद्रात लाटेची लांबी काढायची सोपी रीत आहे. त्या सेकंदांचा वर्ग करायचा आणि १.५६ ने गुणायचं. सहा सेकंदांची लाट सुमारे ५६ मीटर लांब निघते, दहा सेकंदांची १५६ मीटर, बारा सेकंदांची जवळजवळ २२५ मीटर. आता दोनशे-सव्वादोनशे मीटर लांबीचं जहाज घ्या. ५६ मीटरच्या लाटा त्याच्याखाली एका वेळी तीन-चार मावतात. एक माथा पुढचा भाग उचलतो, दुसरा मधला, तिसरा मागचा, आणि जहाज जवळपास सपाट राहतं. बारा सेकंदांची लाट जहाजाएवढीच लांब असते. ती समोरून आली की पुढचं टोक वर चढतं तेव्हा मागचं खाली जातं, मग उलट. म्हणून दोन मीटर उंचीच्या पण लांब लाटा कधी कधी तीन मीटरच्या आखूड लाटांपेक्षा जास्त त्रास देतात.

लांब लाटांचं आणखी एक वैशिष्ट्य आहे. त्या दूरच्या वादळातून येतात. वारा तिथेच थांबतो, लाटा मात्र पुढे चालत राहतात. केरळच्या किनाऱ्यावर आभाळ निरभ्र असताना, वारा नसताना अचानक समुद्र चढतो. तिथले मच्छीमार त्याला 'कल्लक्कडल' म्हणतात, म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र. त्या लाटा हजारो किलोमीटर दक्षिणेच्या महासागरात जन्मलेल्या असतात. मुंबईहून कोची किंवा लक्षद्वीपकडे जाताना ऊन पडलेलं असूनही जहाज डोलायला लागलं, तर कारण बहुधा हेच असतं.

महिना निवडताना

अरबी समुद्रात जून ते सप्टेंबर हा खवळण्याचा काळ. कोळी बांधव उगाच होड्या वर ओढून ठेवत नाहीत; यांत्रिक मासेमारीला १ जूनपासून सरकारी बंदी असते आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहूनच समुद्रात उतरण्याची रीत आहे. मुंबईहून निघणाऱ्या क्रूझही या काळात सहसा बंद असतात. चक्रीवादळांचे हंगाम दोन: पावसाळ्याच्या आधीचा एप्रिल ते जून आणि नंतरचा ऑक्टोबर ते डिसेंबर. पहिलीच क्रूझ असेल, सोबत म्हातारी माणसं किंवा लहान मुलं असतील, तर मुंबई-गोवा मार्गासाठी डिसेंबरचा शेवट ते मार्च हा काळ घ्यावा. मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत जायचंच असेल तर मेचा पहिला आठवडा बरा, शेवटचा नको.

अंदाज कुठे पाहायचा? नागपूरचं प्रादेशिक हवामान केंद्र आपल्याला उष्णतेच्या लाटेचा आणि गारपिटीचा इशारा देतं. समुद्राशी त्याचा संबंध नाही. समुद्रासाठी हैदराबादची 'इन्कॉइस' ही संस्था लाटांची उंची, दिशा आणि दोन लाटांमधले सेकंद यांचा अंदाज देते. चक्रीवादळासाठी भारतीय हवामान विभागाची पत्रकं पाहावीत. निघण्याच्या पाच दिवस आधीपासून रोज एकदा बघितलं तरी पुरे. लाटा अडीच मीटरपर्यंत असतील तर मोठ्या जहाजावर बहुतेकांना फारसं जाणवत नाही. अडीच ते चार म्हणजे खवळलेला समुद्र. चालताना तोल सांभाळावा लागतो. चार ते सहा म्हणजे फार खवळलेला, आणि तेव्हा बऱ्याच प्रवाशांना त्रास होतो. सहाच्या वरचा समुद्र कप्तान शक्य तोवर टाळतोच.

केबिनचं गणित

केबिन बुक करताना एजंट वरच्या मजल्यावरची, बाल्कनीवाली, पुढच्या टोकाची खोली 'भारी' म्हणून दाखवतो. दृश्य खरोखर सुंदर असतं. पण आधी हा हिशेब करून पाहा. जहाज डावीकडे-उजवीकडे पाच अंश कललं, तर डोलण्याच्या मध्यापासून ३० मीटर उंचीवरची खोली प्रत्येक बाजूला अडीच मीटरहून जास्त सरकते. पाच मीटर उंचीवरची जेमतेम ४४ सेंटीमीटर. पुढे-मागे डोलण्याचंही तसंच. मध्यापासून १०० मीटर पुढे असलेली खोली दोन अंशांच्या झुकण्याने साडेतीन मीटर वर आणि तितकीच खाली जाते, तर जहाजाच्या मधोमध असलेल्या खोलीला ते झुकणं फारसं जाणवत नाही. बागेतल्या सी-सॉच्या टोकाला बसणं आणि मधल्या खांबापाशी बसणं यात जो फरक, तोच इथे.

म्हणून बोट लागणाऱ्यांनी खालच्या मजल्यावरची, लांबीच्या मधोमध असलेली केबिन मागावी. ती बहुतेक वेळा स्वस्तही पडते. जहाजाचा नकाशा कंपनीच्या साइटवर असतो. त्यावर बोट ठेवून खोलीचा क्रमांक निवडा, 'मध्ये कुठेतरी द्या' एवढ्यावर सोडू नका.

एवढं उंच जहाज उलटत कसं नाही

लांबून पाहताना वाटतं, पाण्यावर साठ मीटरची इमारत आणि पाण्याखाली फक्त आठ-नऊ मीटर, मग हे उभं राहतं तरी कसं? वजन कुठे आहे ते बघा. इंजिनं, जनरेटर, इंधनाच्या आणि पाण्याच्या टाक्या असं सगळं जड सामान तळाशी असतं. वरचे मजले पातळ पोलादाचे, काही जहाजांत अॅल्युमिनियमचे असतात. कललं की तळाचं वजन आणि पाण्याचा रेटा मिळून जहाजाला परत सरळ करतात. सगळे प्रवासी एका बाजूच्या कठड्याला जमले, तरी कल १० अंशांपलीकडे जाऊ नये असा आंतरराष्ट्रीय नियम आहे, आणि जहाज बांधतानाच त्याचा हिशेब केलेला असतो. प्रवाशांना पाच अंशांचा कलसुद्धा तीस अंशांचा वाटतो. टेबलावरच्या ग्लासातल्या पाण्याकडे पाहिलं की खरा कल समजतो.

पाण्याखाली दोन्ही बाजूंना विमानाच्या पंखांसारखे काही मीटर लांब पंख बाहेर येतात. यांनाच स्टॅबिलायझर म्हणतात. जायरोस्कोप नावाचं उपकरण जहाजाचं डोलणं मोजतं आणि त्यानुसार पंखांचा कोन क्षणाक्षणाला बदलतो. जहाज डावीकडे झुकू लागलं की डावा पंख वर ढकलतो आणि उजवा खाली. परिस्थिती अनुकूल असेल तर बाजूचं डोलणं ८० टक्क्यांपेक्षा जास्त कमी होतं. पण त्यांना दोन मर्यादा आहेत. पाणी पंखांवरून वेगाने वाहिलं तरच ते काम करतात, त्यामुळे जहाज हळू झालं की त्यांचा उपयोग घटतो. आणि पुढे-मागे झुकणं ते थांबवू शकत नाहीत. समोरून लाटा येत असताना 'स्टॅबिलायझर चालू नाहीत वाटतं' अशी कुजबुज सुरू होते, ती याच गैरसमजातून.

आवाजांबद्दलही सांगायला हवं, कारण रात्री झोप उडते ती आवाजांनीच. छताच्या पट्ट्या करकरतात, कपाटं कुरकुरतात. दोनशे मीटरचं पोलाद लाटेवर थोडं वाकलंच पाहिजे, नाहीतर तडकेल. ते वाकताना आतलं फर्निचर बोलतं. मधूनच 'धडाम' असा आवाज येऊन सगळं जहाज थरथरतं. पुढचं टोक लाटेवरून उचललं जाऊन पाण्यावर आपटलं, एवढाच त्याचा अर्थ. हे वारंवार व्हायला लागलं की कप्तान वेग कमी करतो किंवा थोडी दिशा बदलतो, आणि दहा-पंधरा मिनिटांत फरक जाणवतो.

कप्तान काय करत असतो

चक्रीवादळ समुद्रावर साधारण ताशी १० ते २० किलोमीटर वेगाने सरकतं. क्रूझ जहाज ताशी ३५ ते ४० किलोमीटरने जाऊ शकतं. म्हणजे वेळेवर खबर मिळाली तर जहाज वादळाला वळसा घालून निघून जातं. प्रश्न असतो कुठून वळायचं याचा. आपल्या गोलार्धात चक्रीवादळातले वारे घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. वादळ ज्या दिशेने चाललंय त्या दिशेला तोंड केलं, तर उजव्या बाजूला फिरणारा वारा आणि वादळाची चाल एकमेकांत मिसळतात, म्हणून ती बाजू जास्त घातक. मे २०२१ मध्ये 'तौक्ते' आपल्या किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे गेलं, तेव्हा ही उजवी बाजू म्हणजे नेमका गोवा-कोकण-मुंबईचा किनारा होता. त्यामुळे किनाऱ्याजवळ राहणं सुरक्षित, हा समज इथे उलटा पडतो. उथळ पाण्यात लाट आणखी उभी होते, आणि जहाजाला वळायलाही जागा उरत नाही.

त्याच वादळात १७ मे २०२१ रोजी बॉम्बे हाय तेलक्षेत्राजवळ पी-३०५ हा बार्ज, म्हणजे कामगारांना राहायचा मोठा तराफा, नांगर तुटून बुडाला आणि साठहून अधिक माणसं गेली. त्या बार्जला स्वतःचं इंजिन नव्हतं. वादळात इंजिन सुरू असणं म्हणजे काय, हे त्यावरून कळतं. इंजिन असेल तर जहाज नाळ, म्हणजे पुढचं टोक, लाटांकडे तिरकं ठेवून हळूहळू पुढे सरकत राहू शकतं. इंजिन बंद पडलं की जहाज आपोआप लाटांना आडवं होतं आणि वाऱ्याबरोबर वाहू लागतं.

मार्च २०१९ मध्ये नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ 'वायकिंग स्काय' या क्रूझ जहाजाचं असंच झालं. जहाजावर १३७३ माणसं होती. इंजिनांच्या तळटाक्यांत वंगण तेलाची पातळी कमी होती. जहाज जोरात डोलल्यावर तेल एका बाजूला गेलं, पंपाने हवा ओढली, आणि सुरक्षा यंत्रणेने जनरेटर बंद केले. हेलिकॉप्टरने सुमारे ४८० जणांना एकेक करून उचललं. नंतर इंजिनं सुरू झाली आणि जहाज मोल्डे बंदरात पोचलं. कोणी दगावलं नाही. शांत समुद्रात तेवढं तेल चाललं असतं. वादळात नाही चाललं. नेहमीच्या क्रूझवर अशी वेळ क्वचितच येते. वाट बदलणे, वेग कमी करणे आणि एखादं बंदर गाळणे ही कप्तानाची रोजची हत्यारं. बंदर गाळलं म्हणून त्याच्यावर रागावू नका. वारा जोरात असताना उंच बाजूचं जहाज धक्क्याला लावणं हे खुल्या समुद्रात राहण्यापेक्षा जोखमीचं असतं.

बोट का लागते, आणि गोळी कधी घ्यावी

कानाच्या आत अर्धवर्तुळाकार नळ्या आणि बारीक खडे असलेल्या पिशव्या असतात. डोकं कसं हललं ते मेंदूला त्या कळवतात. बंद केबिनमध्ये डोळे सांगतात 'भिंत स्थिर आहे', कान सांगतात 'आपण वर-खाली जातोय'. मेंदूला हा मेळ लागत नाही आणि मळमळ सुरू होते. साधारण पाच सेकंदांत एकदा होणारी वर-खाली हालचाल सर्वांत त्रासदायक असते. दोन ते बारा वर्षांची मुलं, स्त्रिया, गरोदर बायका आणि अर्धशिशीचा त्रास असलेले यांना बोट जास्त लागते. दोन वर्षांखालच्या बाळांना क्वचितच. बहुतेकांचा मेंदू दोन-तीन दिवसांत जुळवून घेतो. अडचण अशी की मुंबई-गोवा क्रूझ तोवर संपलेली असते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे उलटी झाल्यावर गोळी घेणे. मळमळ सुरू झाली की जठर आतलं अन्न पुढे ढकलणं थांबवतं. गोळी तिथेच पडून राहते आणि पुढच्या उलटीबरोबर बाहेर येते. म्हणून गोळी आधी घ्यायची. आपल्याकडे मिळणाऱ्या प्रोमेथाझिन, सिनारिझिन, मेक्लिझिन यांपैकी कोणतीही एक, निघण्याच्या एक ते दोन तास आधी. काही जणांना डॉक्टर आदल्या रात्रीही घ्यायला सांगतात. दोन वेगवेगळ्या गोळ्या एकत्र नकोत, दारूबरोबर तर अजिबात नकोत. काचबिंदू, प्रोस्टेटचा त्रास, फिट, गरोदरपण यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. प्रोमेथाझिन दोन वर्षांखालच्या मुलाला द्यायचंच नाही. या गोळ्यांनी झोप येते, म्हणून प्रवासाच्या आठवडाभर आधी घरीच एखाद्या रात्री घेऊन बघावी.

घरात पोटाच्या तक्रारींसाठी ठेवलेली ऑन्डानसेट्रॉन लोक सर्रास सोबत नेतात. जुलाब-उलट्यांत ती उत्तम आहे, पण हालचालीमुळे येणाऱ्या मळमळीवर तिचा फारसा उपयोग होत नाही. उलट्या थांबत नसतील तर जहाजावरच्या दवाखान्यात जाऊन इंजेक्शन घ्यावं. तोवर लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोटघोट प्यावं.

खाण्याबद्दल एकच आग्रह. बोर्डिंगच्या आदल्या रात्री सावजी आणि त्या सकाळी तर्री पोहे, हे दोन्ही टाळा. तेल-तिखट पोटात जास्त वेळ राहतं. पण रिकामं पोटही तितकंच वाईट. त्यात आम्ल चढतं. साधी खिचडी, दहीभात, टोस्ट, केळं असं थोडं थोडं खावं. आल्याचा तुकडा चघळल्याने बऱ्याच जणांना बरं वाटतं.

मळमळ जाणवली की फोन आणि पुस्तक खाली ठेवा. मधल्या भागातल्या मोकळ्या डेकवर जा आणि क्षितिजाकडे पाहा. डोळे आणि कान पुन्हा एकच गोष्ट सांगू लागतात. बाहेर जाता येत नसेल तर पाठीवर सपाट झोपून डोळे मिटा. गादीच्या बाहेरच्या कडेखाली घड्या घातलेला टॉवेल किंवा लाइफजॅकेट सरकवलं की बिछाना खोलगट होतो आणि अंग इकडेतिकडे लोळत नाही.

इजा होते ती दारात आणि पायरीवर

नोव्हेंबर २०२३ मध्ये बिस्केच्या उपसागरात एका ब्रिटिश क्रूझवर वादळात सुमारे शंभर जण जखमी झाले. जहाज शाबूत होतं. माणसं पडली, फर्निचर सरकलं. धोका बहुतेक वेळा असाच असतो. एक हात कायम कठड्यावर असू द्या. दोन्ही हातांत ताटं घेऊन बुफेतून चालू नका. जड दारं लाटेबरोबर आपोआप आपटतात, आणि बोटं चेमटतात ती बिजागरीच्या बाजूला. मुलांना हे आधी दाखवून ठेवा. बाल्कनीचं दार आणि केबिनचं दार एकाच वेळी उघडू नये. वारा आरपार घुसून दुसरं दार हातातून हिसकावतो. न्हाणीघराच्या उंच उंबऱ्याला ठेच लागते, म्हणून रात्री दिवा लावूनच जा. बाटल्या, चष्मा, इस्त्रीची पिशवी हे सगळं जमिनीवर कोपऱ्यात ठेवून झोपा.

लिफ्टपाशी कागदी पिशव्या दिसल्या, स्विमिंग पूल रिकामा होऊ लागला, बाहेरच्या डेकची दारं बंद झाली, तर पुढच्या काही तासांत समुद्र चढणार आहे. गोळी घ्यायची तर तीच वेळ. सात आखूड भोंगे आणि एक लांब भोंगा म्हणजे आणीबाणीची सूचना. तो वाजला की ठरलेल्या जागी जमायचं. ही जागा निघण्याआधीच्या कवायतीत दाखवतात. कवायत चुकवून खरेदीला जाणाऱ्यांना वादळात ती शोधत फिरावं लागतं.

परतीची गाडी

वादळामुळे क्रूझ अर्धा-एक दिवस उशिरा लागू शकते, कधी बंदरच बदलतं. म्हणून मुंबईत उतरण्याच्या दिवशी सकाळचं नागपूरचं विमान घेऊ नका. विदर्भ एक्स्प्रेस आणि दुरांतो संध्याकाळी-रात्री सुटतात आणि बॅलार्ड पिअरचं टर्मिनल सीएसएमटीपासून जवळ आहे, त्यामुळे रेल्वे बरी. एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर असेल तर एक रात्र मुंबईत धरून ठेवा. बंदर गाळलं तर काय परत मिळतं, हे तिकिटाच्या अटींत आणि विम्याच्या कागदांत पैसे भरण्याआधी वाचा. मार्ग बदलण्याचा अधिकार बहुतेक करारांत कप्तानाकडे राखलेला असतो.

नागपूरला घरी पोचल्यावर न्हाणीघरात चेहऱ्याला साबण लावून डोळे मिटले की जमीन डोलल्यासारखी वाटते, पलंग हलतोय असा भास होतो. मेंदूने समुद्राशी जुळवून घेतलेलं असतं आणि ते सोडायला त्याला थोडा वेळ लागतो. एक-दोन दिवसांत हे थांबतं. त्या दिवसांत दुचाकी चालवताना आणि गच्चीच्या पायऱ्या उतरताना सांभाळा. महिना उलटूनही भास गेला नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा आणि क्रूझला जाऊन आल्याचं त्यांना आवर्जून सांगा.